हळदीला निवडलेलं गाणं

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. ज्या गाण्यावर आपण टाळी धरतो, त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो का? आरतीचाच विचारू? बघा, मागचे चौघे आत्ताच प्रसादाच्या रांगेकडे निघाले! बसा हो, नाही विचारत.

तर ऐका. कराडला दीप्ती नावाची मुलगी. लग्न चार दिवसांवर आलेलं. होणारा नवरा रणधीर — देखणा, नोकरीवाला, पण नाकावर राग! दीप्तीचा फोन तपासायचा. जिवाभावाच्या मैत्रिणीशी बोलणं तोड म्हणाला, हिनं तोडलं. बिनसलं की दोन दिवस अबोला, आणि मग फुलांचा गुच्छ. घरचे म्हणायचे, किती जीव लावतो!

हळदीला हिनं कोणत्या गाण्यावर नाचायचं, तेही त्यानंच ठरवलं. स्पॅनिश गाणं! आता कराडात स्पॅनिश कोणाला कळतंय? पण ठेका असा, की आमच्या मृदंगवाल्या बुवांची बोटंसुद्धा वळवळावीत. दिवसभर घरात तेच. दीप्ती नाचतेय, करवल्या टाळ्या वाजवतायत. पण पोरीला घास उतरत नाही, एका जागी बसवत नाही, हात सारखा फोनकडे जातोय.

तेवढ्यात पुण्याहून सुनंदामावशी आली. ही कॉलेजात स्पॅनिश शिकवते. तिनं गाणं ऐकलं आणि तिची टाळी थांबली.

"मावशी, काय म्हणतेय गं ती बाई गाण्यात?"

"जाऊ दे. ठेका छान आहे."

"नाही, सांग."

मावशी सांगू लागली. "ती म्हणते — तू चिडलास की दार आपटून जातोस. तुझ्यापायी मी मैत्रिणी सोडल्या. सकाळी तू फुलं घेऊन येतोस आणि मी पुन्हा दार उघडते. आई विचारते, सुखी आहेस ना? मी म्हणते, हो."

दीप्तीनं गाणं बंद केलं. करवल्यांना वाटलं, दमली.

जरा वेळानं तिनं रणधीरला फोन लावला. म्हणाली, "मी या गाण्यावर नाचणार नाही. फार दुःखाचं आहे."

"अर्थ कुणी विचारलाय तुला? मी सगळ्यांना सांगून बसलोय. नाचायचं म्हणजे नाचायचं." आणि फोन बंद!

दुसऱ्या दिवशी गुच्छ दारात हजर! आई कौतुकानं तो आत न्यायला निघाली. दीप्तीनं तिचा हात धरला. "आई, फुलं का आली ते विचार ना मला."

आईनं विचारलं. मंडळी, पोर तासभर बोलत होती. रडली नाही, नुसत्या येरझाऱ्या घालत बोलत होती.

बापानं कपाळाला हात लावला. "अगं, पत्रिका वाटून झाल्यात. लोक काय म्हणतील?"

आणि जी बाई तीस वर्षांत नवऱ्यापुढे चढ्या आवाजात बोलली नव्हती, ती म्हणाली, "पत्रिका वाटल्यात. मुलगी अजून दिलेली नाही."

लग्न मोडलं. लोक बोलले. बोलू देत! लोक तर जेवायला येऊनही बोलतात.

आता माझ्याकडे बघू नका, शेजारी बसलेल्या लेकीकडे बघा. घरी गेलात की विचारा, बाळ, कशी आहेस? ती पटकन म्हणेल, मजेत. तेवढ्यावर उठू नका. खरं बोलायला तिला वेळ लागतो. तुम्ही बसलेले दिसलात, तरच ती बोलेल.