गौतमनं घेतलेला कम्प्युटर
आपला गौतम, वांकिडीच्या शाळेतला मास्तर, तुमी ओळखताच. त्याच्यासंगं मी मंचेरियलले कम्प्युटर जोडून घ्याले गेलतो. सगळं मिळून बजेटच्या वर चाललं, तर दुकानदार म्हणे, "सर, रॅम कम कर दूँ?"

गौतम म्हणे, "रॅम रहने दो. मॉनिटर निकाल दो, स्पीकर अच्छे डालो."

मी हासलो. "अन् पाहशीन कशात?"

"डोळे जाऊन राह्यले माहे," तो हळूच म्हणाला. "डॉक्टर म्हणते, वर्षभर दिसन. कम्प्युटर वाचून दाखवते, तं आतापासूनच ऐकाची सवय करतो."

मी इचारलं, "वहिनीले सांगितलं?"

"माह्या तोंडून निघत नाही. हा असा कम्प्युटर घरी पाह्यला की इचारनच ते. मंग सांगाच लागन."