एस्तेर राणीची साथ

(उज्जैन. नानाखेड़ा भागातल्या एका कॉलनीत मोझेल किहीमकर यांचं घर. मोझेल, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका. समोर त्यांचा भाचा सॉलोमन, तिथल्या ज्यू मंडळाचा सेक्रेटरी. शुक्रवारची दुपार. रविवारी पुरीमच्या सणाचा मेळावा आहे.)

मोझेल : पाच मिनिटं? अरे, पाच मिनिटांत माझी एस्तेर राणी आंघोळ करूनसुद्धा बाहेर येत नाही!

सॉलोमन : आत्या, तू आधी ऐकून तर घे ना.

मोझेल : ऐकतेय. कान शाबूत आहेत माझे. माझ्या आबांनी रतलामला एस्तेरचं कीर्तन अडीच तास केलं होतं, एक माणूस उठला नाही. मी दीड तासावर आले. मग तुम्ही म्हणालात, मुलं बोर होतात, तासाचं कर. केलं. मागच्या वर्षी वीस मिनिटं. आता पाच. पुढच्या वर्षी काय, नुसती झांज वाजवून खाली उतरू?

सॉलोमन : प्रोग्राम बघ ना किती आहे. साडेचारला मुलांचं हिब्रू वाचन. मग फॅन्सी ड्रेस. मग पाहुण्यांचं भाषण. ते इस्रायलहून येताहेत, आणि रात्री त्यांची इंदूरहून फ्लाइट आहे. मग पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा सत्कार, त्यात पहिली तूच. शाल, श्रीफळ.

मोझेल : शाल? मार्च महिन्यात? माणसाला गप्प बसवायचं असलं की शाल घालतात, मला काय माहीत नाही? हिब्रू वाचायला मुलं किती?

सॉलोमन : तीन. आपली तामार आणि देवासचे ते दोघे भाऊ.

मोझेल : म्हणजे तिघांचाही नंबर येणार. वा!

सॉलोमन : हसू नकोस गं. चार महिने पाठ करतेय पोरगी.

मोझेल : तिला नाही हसत. बरं, पाच तर पाच. मी फक्त दरबाराचा प्रसंग घेते. राजानं बोलावलेलं नाही, आणि आपल्या माणसांचे जीव वाचवायला राणी आत शिरते. न बोलावता आत गेलं की मरण. राजानं राजदंड पुढे केला तरच वाचायचं. शेजारची कुसुम ध्रुपद उचलेल, जयू-मानसी मागून म्हणतील, पेटीवर दत्तात्रय. बसवते बरोबर पाच मिनिटांत. आता खूश?

सॉलोमन : आत्या...

मोझेल : आता काय? तोंड का पडलं?

सॉलोमन : मिनिटांचं तर मी असंच म्हणत होतो. खरं सांगायची हिंमत होत नव्हती. साथीला त्या लोकांना नाही आणता येणार.

मोझेल : कुणाला?

सॉलोमन : कुसुममावशीला. चौघांनाही. पाहुण्यांमुळे सिक्युरिटी फार टाइट आहे. सध्याचे दिवस तुला ठाऊकच आहेत. हॉलमध्ये फक्त आपल्या समाजाची माणसं. लिस्ट मागितली होती. मी ह्या चौघांची नावं दिली, आधारच्या फोटोकॉप्या लावल्या. मंगळवारी परत आल्या.

मोझेल : परत आल्या म्हणजे?

सॉलोमन : नावांवर रेघ मारून.

मोझेल : अरे, पण तू सांगितलंस ना, बावीस वर्षं येताहेत म्हणून? त्या दुष्ट प्रधानाचं, हामानाचं नाव आलं की सगळ्यांनी पाय आपटायचे, तर सगळ्यांत जोरात कोण आपटतं? दत्तात्रय आपटतो! एका वर्षी पेटी खाली पाडलीन त्यानं त्या नादात. हे सांगितलंस?

सॉलोमन : सगळं सांगितलं. तीन दिवस फोनवरच आहे मी. पोलीस म्हणतात, आम्ही कुणाला नाही म्हटलंच नाही, लिस्ट तुमची आहे. पाहुण्यांची माणसं म्हणतात, हे पोलिसांकडून आहे. सगळे गोड बोलतात गं. प्रत्येक जण सॉरी म्हणतो. भांडायला कुणी सापडतच नाही.

मोझेल : तू सेक्रेटरी आहेस ना?

सॉलोमन : सेक्रेटरी म्हणजे काय? बॅनर लावणारा आणि पाण्याच्या बाटल्या उचलणारा.

मोझेल : मग लिही, कुसुम किहीमकर. माझी बहीण म्हणून लिही. दिसते पण माझ्यासारखीच.

सॉलोमन : गेटवर आधार बघणार आहेत, आत्या.

मोझेल : मग आपल्यातलं कोण साथ करणार? तुझी तामार मराठी वाचत नाही. देवासवाले हिंदीत भांडतात आणि इंग्लिशमध्ये पाया पडतात. साथीशिवाय कीर्तन म्हणजे मी एकटीच बडबडणारी म्हातारी.

सॉलोमन : एक आहे. मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग आहे माझ्या मोबाइलमध्ये. ध्रुपद आलं की मी ते स्पीकरवर लावीन. कुसुममावशीचा आवाज अगदी साफ आलाय.

मोझेल : म्हणजे आवाज चालतो. बाई चालत नाही.

सॉलोमन : तू असं बोललीस की मला रडू येतं.

मोझेल : तर रड. मेळावाच रद्द कर.

सॉलोमन : करतो. तू म्हण, आत्ता फोन करतो. पण मग तो परत व्हायचा नाही. उज्जैनमध्ये आपण अकरा माणसं उरलोय. देवासवाले दिवाळीच्या आधी इस्रायलला चाललेत, कायमचे. पुढच्या पुरीमला हिब्रू वाचायला तामार एकटी. ती कुणाबरोबर पाय आपटेल?

मोझेल : कुसुमला कोण सांगणार?

सॉलोमन : मला वाटलं, तू...

मोझेल : मी? बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी तुझी आई हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा महिनाभर जेवलास कुणाकडे? तू सांग. तिच्याकडे बघून सांग.

सॉलोमन : नाही जमणार, आत्या. तीन दिवस झाले, मी तिच्या घरासमोरून गाडी काढत नाहीये. मागच्या गल्लीतून जातो.

मोझेल : मी तिला सांगेन, घसा बसलाय म्हणून. कीर्तनच नाही, तर साथ कशाला? सरळ आहे. तिला वाईट वाटायला नको, बस्स. तू मध्ये एक शब्द बोलायचा नाहीस. बेल वाजतेय बघ. तीच असणार.

कुसुम : ताई, दार उघडंच ठेवता तुम्ही, कुणीही शिरेल! अरे, सॉली पण आहे. बरं झालं. तुझी गाडी दिसत नाही आजकाल आमच्याकडून जाताना?

सॉलोमन : तो... चौडीकरण चाललंय ना, रोड रुंद करताहेत, मावशी.

कुसुम : हो रे, सिंहस्थाच्या नावानं अख्खं शहर खोदून ठेवलंय. ते जाऊ दे. ताई, बघा! तिघींना एकसारख्या माहेश्वरी साड्या, अंगूरी रंग. फ्रीगंजमध्ये चार दुकानं फिरलो तेव्हा मिळाल्या. आणि दत्तात्रयभाऊंनी पेटी दुरुस्त करून आणलीय. म्हणतात, या वेळी हामानाला सोडत नाही.

मोझेल : छान आहेत गं साड्या.

कुसुम : आवाजाला काय झालं तुमच्या?

मोझेल : तेच सांगत होते सॉलीला. घसा पार बसलाय. या वर्षी कीर्तन नाही होणार, कुसुम.

कुसुम : असं कसं? सकाळी तर कामवालीवर चांगल्या ओरडत होतात, आमच्या किचनपर्यंत ऐकू आलं.

मोझेल : त्यानंच बसला.

कुसुम : मग दोन दिवस आहेत ना. मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध चघळा, मिठाचे गरारे करा, बोलू नका अजिबात. आणि नाहीच सुटला, तर तुम्ही नुसत्या खुर्चीवर बसा. मी म्हणते.

मोझेल : तू काय म्हणतेस?

कुसुम : सगळं. आख्यान अख्खं पाठ आहे मला. बावीस वर्षं तुमच्या मागे उभी आहे, ताई, झोपा नव्हते काढत. आमचे श्रीपादराव तर चिडवतात, कणीक मळताना पण तुझी राणी दरबारात जाते म्हणून. ऐका हं. ‘न बोलावता आले मी दारी, राजा, राजदंड पुढे कर...’ चुकलं का काही?

मोझेल : नाही. एक अक्षर नाही चुकलं.

कुसुम : मग डोळ्यांत पाणी का?

मोझेल : घशामुळे.

कुसुम : खरं सांगू? मला दर वर्षी इथेच धडकी भरते. माहीत असतं, राजा राजदंड पुढे करणार. तरी वाटतं, या वेळी नाही केला तर? बरं सॉली, रविवारी किती वाजता निघायचं? आम्ही चौघं एकाच रिक्षातून येऊ.

सॉलोमन : मावशी, ऐका ना...

मोझेल : सॉली!

सॉलोमन : नाही आत्या, रविवारी गेटवर उभं करून सांगण्यापेक्षा आज सांगतो. मावशी, गेटवर चेकिंग आहे. तुमचं आधार कार्ड... ते नाही चालणार. चौघांचंही.

कुसुम : नाही चालणार? का बरं?... अरे देवा, तो फोटो! मी तेव्हाच म्हटलं होतं त्या मुलाला, परत काढ म्हणून. पाकिटमार दिसते मी त्यात!

सॉलोमन : फोटोचं नाहीये, मावशी.

कुसुम : मग पत्ता असणार. माझा पत्ता अजून देवास गेट मोहल्ल्यातलाच आहे, सासऱ्यांच्या घरचा. बदलायचा राहूनच गेला. यांना दहा वेळा सांगितलं, उठतच नाहीत खुर्चीतून.

मोझेल : कुसुम, बस जरा इथे माझ्याजवळ.

कुसुम : आता कुठे बसू, ताई? आज शुक्रवार, उद्या-परवा सगळी ऑफिसं बंद. तुम्ही काय चेहरे करून बसलात दोघं? कार्डाचंच तर आहे! माझं वोटर कार्ड आहे, त्यावर इथलाच पत्ता आहे. जयूचा पासपोर्ट आहे, मुलाकडे जाऊन आली ना ती. दत्तात्रयभाऊंचं पेन्शनचं कार्ड आहे. राशन कार्डावर तर आमची सून मानसी आणि मी दोघी आहोत. सॉली, तू जाऊ नकोस हं, सगळ्यांची गोळा करून आणते. पाच मिनिटं!

सॉलोमन : मावशी... अहो मावशी!

मोझेल : गेली ती.

सॉलोमन : परत आली की सांगतो, आत्या. नीट सांगतो.

मोझेल : काय सांगशील?

सॉलोमन : माहीत नाही.

मोझेल : मग निदान दार तरी लावू नकोस. हात भरलेले असतील तिचे.