टेर्नेन नौकेची पाण्याकडची बाजू

नाव: एयविन थोरूप, वय ७८ वर्षे, धंदा: निवृत्त, पूर्वी जहाज कारखान्यात पत्रेकाम, हल्ली टेर्नेन नौका-संग्रहालयात बिनपगारी मदतनीस, राहणार: बंदर आळी, घर नं. ९, स्टेनहाउन, डेन्मार्क.

मी समक्ष सांगतो की, सुरुवातीला मी जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस अंमलदार दोर्ते यांना त्यांच्या आईच्या गुडघ्याबद्दल, नवऱ्याच्या खोकल्याबद्दल आणि धाकटीच्या दातांबद्दल विचारले. गुडघा बरा आहे, खोकला तसाच आहे, दात दोन आलेत. "काका, हे जबाबात येत नाही," असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "येऊ दे गं. टेर्नेनची तब्येत अकरा वर्षांत कुणी विचारली नाही, तेही लिही."

टेर्नेन ही जुनी गस्ती युद्धनौका असून अकरा वर्षे डाव्या अंगाने धक्क्याला बांधलेली आहे. डावी बाजू दर वसंतात रंगवली जाते. रंगवतो मीच. उजवी बाजू पाण्याकडे असल्याने पाहुण्यांना दिसत नाही, सबब तिला रंग मंजूर होत नाही. तिथला पत्रा मूळचा आठ मिलिमीटर. जूनमध्ये मी मोजला तेव्हा दोन भरला. संग्रहालयाचे संचालक तोर्बेन स्कोरूप यांना तीनदा लेखी कळवले. तिन्ही वेळा उत्तर एकच: शनिवारी नौकेवर तिच्या सत्तरीचा नाच आहे, दोनशे माणसे येणार, तो उरकल्यावर बघू.

काल मंगळवारी दुपारी एकला राजधानीहून वारसा समिती नौका पाहायला येणार होती. बारा ते एक अख्खे संग्रहालय जेवते. कचेरीच्या खिडक्यांवर टेर्नेनचेच भलेमोठे छायाचित्र चिकटवलेले असल्याने आतून टेर्नेन दिसत नाही. १२.०५ वाजता माझा मित्र विगो, वय ८१, आपली मासेमारीची बोट घेऊन आला. मी पुढचे दोर सोडले, विगोने नौकेचे नाक ढकलले. "माझी म्हातारी झोपेत कूस बदलताना याहून जास्त कुरकुरते," असे तो म्हणाला. १२.५० वाजता टेर्नेन उलट्या तोंडाने, उजव्या अंगाने धक्क्याला लागली. चढायची शिडी मी परत लावून दिली.

एक वाजता स्कोरूप पाहुण्यांना घेऊन बाहेर आले. त्यांनी टायची गाठ सारखी केली. मग म्हणाले, "आणि ही आमची अस्पर्शित बाजू. काळानं घडवली तशीच जपलीय."

समितीच्या बाईंनी गंजावर हात फिरवून "किती अस्सल!" असे म्हटले. हाती आलेला पोपडा त्यांनी रुमालात बांधून घेतला. १.२० वाजता तिथे 'अस्पर्शित' अशी पाटीही लागली.

मी म्हणालो, "तोर्बेन, अरे, ही सडलीय."

"काका, जेवलात का तुम्ही? जा, दोन घास खाऊन घ्या."

"ठोकून तरी बघ एकदा."

"ऐतिहासिक वस्तूला हात लावायचा नसतो."

"अकरा वर्षं तेवढं मात्र इमानानं पाळलंस बाबा," असे विगो बोटीतून ओरडला.

शनिवारी शाळेचा बँड वाजवणार आहे. त्यांची जागा खालच्या दालनात, याच पत्र्याला लागून. माझी नात त्यात ट्रम्पेट वाजवते. दोर्ते यांची थोरली ढोल वाजवते. इथे दोर्ते यांनी लिहिणे थांबवले व त्या पाणी प्यायल्या.

मी रंगकामाच्या तराफ्यावर उतरून हातोड्याने एकदाच ठोकले. कारखान्यात ठोकायचो त्याच्या निम्म्या जोराने. हातोडा आत गेला आणि दांड्याशी घट्ट बसला. वारशाचे नुकसान केल्याची स्कोरूप यांची तक्रार मला वाचून दाखवली. भोक माझे आहे, मान्य. भोवतालचा गंज माझा नाही.

भोक पाण्यापासून चार बोटे वर आहे. दोनशे माणसे चढली की ते पाण्याखाली जाईल. हातोडा मुद्देमाल म्हणून जप्त करायचे ठरले आहे असे समजते. हरकत नाही, पण नौका गोदीत चढवल्याशिवाय तो उपसू नये. सध्या बूच तोच आहे.

वरील मजकूर दोर्ते यांनी मला मोठ्याने, दोनदा वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर उतरला आहे. नौका गोदीत कधी नेणार, ते शनिवारच्या आत कृपा करून लेखी कळवावे. पत्ता वर आहे. घरी नसलो तर मी हातोड्यापाशी असेन.

(सही) एयविन थोरूप