आनेलीन वर्मांडेल हिची राहिलेली शर्यत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नगराचे नगराध्यक्ष माननीय श्री. फिलिबर्ट मूरमान; व्यासपीठावर विराजमान असलेले विटांच्या कारखान्याचे मालक आणि आपल्या जत्रेचे उदार आश्रयदाते श्री. हुब्रेख्त; 'आनेलीन समर्थक मंडळा'चे संस्थापक आणि ज्यांच्या कॅफेत मंडळाचा सगळा कारभार चालतो ते आपणा सर्वांचे ओडिलकाका; आजच्या सत्कारमूर्ती, तीन वेळा देशाच्या आणि एकदा जगाच्या अजिंक्यवीर ठरलेल्या आनेलीन वर्मांडेल; आणि सूप संपवून पुढच्या पदार्थाकडे डोळे लावून बसलेल्या लिंडेकेर्केच्या बंधुभगिनींनो,

मंडळाची चिटणीस म्हणून आभाराचे चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. चार शब्दांत आटपायला हरकत नव्हती, पण अध्यक्षमहोदयांचं भाषण ऐकल्यावर काही शब्द वाढवणं मला भाग पडलं आहे. अध्यक्ष म्हणाले, "लिंडेकेर्केने आनेलीन घडवली." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग मला वाटलं, कशी घडवली, हे कुणीतरी सांगायला नको का? मी वाचनालयात काम करते. ज्याला संदर्भ नाही असं वाक्य मला झोपू देत नाही.

तर आम्ही तिला कशी घडवली ते सांगते.

एकवीस वर्षांपूर्वी, सप्टेंबरातल्या जत्रेच्या रविवारी, नेहमीप्रमाणे सकाळी साडेदहाला बायकांची सायकलशर्यत होती आणि दुपारी तीनला खरी शर्यत. हा शब्द माझा नाही. तेव्हाच्या पत्रकावर तसंच छापलं होतं. सहा किलोमीटरचा एक फेरा, असे बारा फेरे. आनेलीन एकोणीस वर्षांची होती. मी चोवीस वर्षांची, नुकतीच पदवी घेतलेली, आणि म्हणून अंतिम रेषेवर मला पंचांची मदतनीस नेमलं होतं. माझ्याकडे एक शिट्टी होती, एक लाल निशाण होतं आणि एक नियम होता. मागे रेंगाळलेल्या मुलींना आघाडीच्या मुलीने फेरी पूर्ण करून मागून गाठलं, की त्या रेंगाळलेल्यांना शिट्टी मारून शर्यतीबाहेर काढायचं. जगभर असंच करतात. त्यात वावगं काही नाही.

आठव्या फेरीला आनेलीन घोळका सोडून एकटी पुढे निघून गेली. ती रेषेवरून गेली तेव्हा पंच आणि मी सॉसेजच्या गाड्यापाशी होतो. मोहरी संपली होती, म्हणून जरा वेळ लागला. परत आलो तेव्हा आम्हाला घोळका जाताना दिसला आणि आम्ही समजलो, सगळं ठीक आहे. आघाडीच्या मुलीपुढे एक गाडी चालायला हवी, म्हणजे आघाडी कुणाची हे आंधळ्यालाही कळतं. ती गाडी दुपारच्या शर्यतीच्या पाहुण्यांना आणायला स्टेशनवर पाठवली होती.

नवव्या फेरीला लांबून तीन मुली येताना दिसल्या. दोघी दमून मागे पडलेल्या, चेहरे लालबुंद. त्यांच्या मागून तिसरी आली आणि बरोबर रेषेवर त्यांना ओलांडू लागली. तिसरी म्हणजे आपली आनेलीन. घोळक्याच्या पुढे तीन मिनिटं, आणि म्हणून जवळजवळ पूर्ण फेरी मारून शेवटच्या दोघींच्या पाठीशी पोचलेली.

मी शिट्टी मारली आणि तिघींनाही बाहेर काढलं.

हसा, हसा. मीही पुढे हसले आहे. पण त्या क्षणी ती सायकलवरून उतरली, माझ्यापाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, मी पहिली आहे."

मी म्हणाले, "हो गं बाळ, सगळ्या असंच म्हणतात."

बंधुभगिनींनो, आपल्या गावात पाळण्यातलं पोर रडायच्या आधी सायकलच्या साखळीचा आवाज ओळखतं. टायरमध्ये हवा किती हे आपले म्हातारे नुसतं बघून सांगतात. पुरुषांच्या शर्यतीत जर असा एकटा स्वार मागून येऊन दोघांना ओलांडू लागला असता, तर अख्खं गाव ओरडलं असतं की अरे, हा तर सगळ्यांना अख्ख्या फेरीने मागे टाकतोय. एकटा पुरुष दिसला की तो पुढे आहे. एकटी मुलगी दिसली की ती मागे पडली आहे. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पाहिलं आणि कळलं. मी स्वतः बाई, शिकलेली, आणि मलाही तेच कळलं.

ती सायकल हातात धरून ओडिलकाकांच्या कॅफेवरून घरी निघाली. खिडकीत तिचे वडील बसले होते, दुपारच्या शर्यतीसाठी चांगली जागा धरून. त्यांनी विचारलं, "काय गं, पंक्चर?" ती म्हणाली, "हो." आनेलीन, हे तुझ्या वडिलांनीच मला सांगितलं, त्यांच्या शेवटच्या आजारात. ते त्यांना फार लागून राहिलं होतं.

जी मुलगी पुढे पहिली आली तिने पंचांना सांगितलंही, की एक जण माझ्यापुढे होती, ती कुठे गेली? पंच म्हणाले, निकालाचा कागद सही होऊन गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, आनेलीन वर्मांडेल, लिंडेकेर्के, शर्यत सोडली. मी रोज वही लिहिते. हा सत्कार ठरला तेव्हा त्या दिवसाचं पान काढलं. त्यावर एवढंच आहे: "हवा छान. बायकांची शर्यत सुरळीत पार पडली. मोहरी लवकर संपली."

तर अध्यक्षमहोदय, अशी आम्ही तिला घडवली.

पुढचं आपणा सर्वांना पाठ आहे, कारण ते झाल्यावर आम्ही पाठ केलं. ती परगावच्या संघात गेली. पावसात, गारांत, दगडी रस्त्यांवर हाडं मोडून घेत तिने वसंतातली मोठी शर्यत दोनदा मारली. जगज्जेतेपदाचा इंद्रधनुषी सदरा तिच्या अंगावर चढला त्याच संध्याकाळी ओडिलकाकांच्या कॅफेत समर्थक मंडळ स्थापन झालं. दोनशे चाळीस सभासद. घरटी एक टोपी. त्या संध्याकाळी बोलणारा प्रत्येक जण सांगत होता, की पोरगी एवढीशी होती तेव्हाच मी ओळखलं होतं.  मी चिटणीसपद घेतलं.

आणि आमची पहिली सहल. विसरलात? मला विसरता येत नाही, बसची नोंदणी माझ्याकडे होती. तिला पाठिंबा द्यायला पन्नास जण सकाळी निघालो. वाटेत एका ठिकाणी न्याहारी, दुसऱ्या ठिकाणी न्याहारीवर बिअर. शर्यतीच्या वाटेवरच्या चढावर पोचलो तेव्हा बायकांची शर्यत संपून दोन तास झाले होते. आनेलीन दुसरी आली होती. मग आम्ही तिच्या नावाच्या टोप्या घालून पुरुषांची शर्यत पाहिली आणि तिच्या नावाची गाणी म्हणत परत आलो. रात्री तिचा फोन आला, तुम्ही कुठे उभे होतात, मी प्रत्येक वळणावर बघत होते. ओडिलकाका फोनवर म्हणाले, "अगं पोरी, गर्दीच एवढी होती." काका, मी शेजारीच उभी होते. मीही मान डोलावली.

गावच्या जत्रेला मात्र ती पुन्हा आली नाही, आणि गाव म्हणू लागलं, मोठी झाली, डोक्यात हवा गेली. मी मंडळाचा पत्रव्यवहार तपासला. मंडळ निघाल्यापासून तिला बोलावणारं एकही पत्र नाही. पत्र लिहिणं चिटणिसाचं काम. चिटणीस कोण, ते आपण जाणताच.

आता आजचं बोलते. नगरपालिकेने कारखान्याजवळच्या गोल चौकाला तिचं नाव द्यायचं ठरवलं आहे. मध्ये पितळी सायकल बसणार आहे. फार सुंदर कल्पना. पण ज्या बैठकीत हा ठराव झाला, त्याच बैठकीत त्याच्या खालचा ठराव असा आहे, की यंदापासून जत्रेतली बायकांची शर्यत बंद. कारण, निशाणवाले मिळत नाहीत. शर्यतीच्या वाटेवर एकतीस चौक आहेत. प्रत्येक चौकात लाल निशाण घेतलेला एक माणूस उभा असल्याशिवाय पोलीस परवानगी देत नाहीत, हे खरं आहे. सकाळी एकतीस माणसं मिळत नाहीत, हेही खरं आहे. पण दुपारी तीनला, त्याच रस्त्यावर, त्याच एकतीस चौकांत माणसं मिळतात, आणि वर सात राखीव असतात. सकाळच्या उन्हात निशाण जास्त जड होतं का? मी नगरपालिकेला तसं विचारलं होतं. उत्तर आलं, की रविवारी सकाळी लोकांना चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थना, असते. लिंडेकेर्केच्या रविवारच्या मिसेला गेल्या आठवड्यात अकरा माणसं होती. मी मोजली, कारण अकरांतली एक मी होते.

आज संध्याकाळी सूप वाढायच्या आधी आनेलीन मागच्या स्वयंपाकघरात आली. तिथे मी पावाच्या टोपल्या भरत होते. ती म्हणाली, "कातेलेन, त्यांना सांग ना, मला तो चौक नको. आयुष्यभर चौकांना वळसेच घातलेत. सप्टेंबरातली शर्यत ठेवा. मला ती शेवटची म्हणून करायची आहे, आणि मग सायकल टांगायची आहे."

मी म्हणाले, अगं, जगाचं अजिंक्यपद घेतलेली तू, आणि शेवट जत्रेतल्या शर्यतीने? तिथे बक्षीस म्हणून भांड्यांचा संच देतात.

ती म्हणाली, "जगात सगळीकडे मी पोचले गं. इथे मी शर्यत सोडलेली आहे. कागदावर तसंच आहे."

मग तिने टोपलीतला एक पाव उचलला आणि खात खात बाहेर येऊन इथे, या खुर्चीवर बसली. तेव्हापासून ती हसते आहे आणि प्रत्येकाचा हार घेते आहे. म्हणून तिच्या मनात काय आहे ते कुणाला कळलं नसेल. मलाही एकवीस वर्षं कळलं नव्हतं.

हे सगळं मी तिच्यासाठी बोलते आहे की माझं मन हलकं व्हावं म्हणून, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर स्वच्छ मिळालं नाही. पण परवानगीसाठी निशाणवाल्यांची यादी पोलिसांकडे सोमवारी दुपारी बारापर्यंत पोचायला हवी, आणि माझं मन स्वच्छ होईपर्यंत पोलीस थांबणार नाहीत. म्हणून तुम्ही सूप पीत होता तेव्हा मी कोरा अर्ज घेऊन टेबलाटेबलावरून फिरले.

बरेच जण म्हणाले, दुपारचा चौक दे, सकाळचा नको. मी म्हणाले, दुपारचे भरले आहेत. दोघा-तिघांना मिसा आठवली; त्यांच्या बायकांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती विसरली गेली. पलीकडच्या टेबलावरच्या एका आजोबांनी विचारलं, निशाण कसं धरायचं ते दाखवणार का. साठ वर्षं ते प्रत्येक जत्रेत निशाण धरत आले आहेत. मी म्हणाले, दुपारी धरता तसंच. ते म्हणाले, "मग जमेल." पहिल्या चौकावर मी माझं नाव घातलं आहे. शिट्टी दुसऱ्या कुणाला तरी द्या, एवढी विनंती आहे.

अठ्ठावीस सह्या झाल्या आहेत. तीन चौक उरले आहेत, आणि ते का उरले तेही सांगते. सातवा चौक डुकरांच्या फार्मजवळ आहे आणि सकाळचा वारा तिकडूनच येतो. एकोणिसाव्याला ना झाड ना बसायला कठडा. सव्विसाव्यावरून शर्यत दिसतच नाही; तिथे फक्त ट्रॅक्टरवाल्यांना अडवायचं आणि त्यांच्या शिव्या खायच्या.

आता आभार. श्री. हुब्रेख्त यांनी आजच्या जेवणाला हातभार लावला, ओडिलकाकांनी बिअर दिली, अध्यक्षमहोदयांनी वेळ दिला, आणि स्वयंपाकघरातल्या भगिनींनी, ज्यांचं नाव कुठल्याच पत्रकात नसतं, बाकी सगळं केलं. त्यांची मी मनापासून ऋणी आहे. आनेलीन, तुझे आभार मी मानत नाही. त्याआधी मला तुझी क्षमा मागायची आहे, आणि ती माईकवर मागायची गोष्ट नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कुणाला टोचलं असेल, तर तो दोष माझ्या पदरात घाला. मला आताशा सवय झाली आहे.

अर्ज मी व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवते आहे. तीन ओळी रिकाम्या आहेत, आणि सत्कारमूर्ती सोडल्या तर व्यासपीठावर तीन खुर्च्या आहेत. पेन चालतं, अठ्ठावीस जणांनी तपासून दिलं आहे. ओडिलकाका, कॅफे त्या दिवशी एक वाजता उघडलात तरी कुणी तहानेने मरणार नाही. श्री. हुब्रेख्त, ट्रॅक्टरवाले तुम्हाला ओळखतात, सव्विसावा तुम्हाला सोपा जाईल. अध्यक्षमहोदय, तुम्ही हसत आहात, हे मी होकार समजते. सातवा. इथे, या ओळीवर. जन्मतारीखही लिहावी लागते.

माझं भाषण संपलं आहे. सही होईपर्यंत मी नुसती उभी आहे.