कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती

—नाही, तो रिपोर्ट टेबलावर ठेवू नका, हातातच असू द्या. वाचलाय मी. हडपसरला आयटीत आहात म्हणता, पगारही बरा असेल — म्हणून काय सुट्टीच्या दिवशी उठून वारज्याला यायचं आणि परक्या माणसाला विचारायचं, माझी आई कोण? कमाल आहे! अहो, हा आमचा कुलवृत्तांत बघा — सहाशे बारा पानं, चौदा पिढ्या, संपादक मी. गावोगाव पायपीट करून एकेकाची जन्मतारीख मिळवलीये. यात तुमचं नाव आहे कुठे? नाही ना? मग संपलं.

तो अभिनव? माझा मुलगा, सिएटलला असतो. आता तुम्ही विचाराल, त्याने डीएनए दिलाच कशाला — मी सांगितलं म्हणून! दुसऱ्या आवृत्तीसाठी. आमचं रक्त थेट मूळपुरुषापर्यंत जातं हे विज्ञानाने सिद्ध करायचं होतं मला, म्हणजे त्या भेसळीच्या घराण्यांची तोंडं बंद झाली असती. चाळीस जणांना नळीत थुंकायला लावलं — आणि निघालं काय? तर तुम्ही! म्हणे अभिनवची चुलत नाहीतर मामे-आते बहीण. अहो, मला भाऊ नाही. बायको माझी तिच्या आईबापांची एकुलती एक. राहिली माझी बहीण जया — अविवाहित, पान चारशे तीन, छापलंय तसं. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं तिने. तिच्यावर शिंतोडे उडवायला लाज नाही वाटत? आणि हळू बोला — आतल्या खोलीत पडलीये ती.

नुसतं बघायचंय? नुसतं! काही नको म्हणणारेच सगळं मागतात. एवढ्या चांगल्या घरी दत्तक गेलात, शिकलात, आणखी काय हवं? संस्थेच्या बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, अशा शांत मुलीला लगेच घर मिळेल. शांत कसली — रिक्षात माझ्या शर्टाचं बटण मुठीत घट्ट धरलं होतं तुम्ही, सोडवता सोडवेना — काय? मी कुठे म्हणालो? बरं, म्हणालो. मग? वडील अंथरुणाला खिळलेले, तो नालायक उत्तरेश्वर लग्नाचं कबूल करून पळालेला, घरात कर्ता मी एकटा — काय करायला हवं होतं मी? जयाला सांगितलं, मूल जन्मतःच गेलं. एवढंच. पस्तीस वर्षं तिने त्यावर विश्वास ठेवलाय. रोज माझ्या हातचा चहा घेते ती. आता तुम्ही आत जाऊन काय सांगणार — दादा खोटं बोलला? मग माझ्या हातचं पाणी तरी घेईल का ती? भीती वाटते हो मला, कळतंय का? पण तुम्हाला काय त्याचं!

उठा. चपला दाराबाहेर आहेत. लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा. रडायचं असेल तर खाली जाऊन — अगं जया, तू कशाला उठलीस? कोणी नाही गं, पत्ता चुकलाय त्यांचा. निघाल्याच आहेत. निघा हो तुम्ही! जया, आत जा म्हणतोय ना मी. अगं, तिच्या तोंडाकडे काय बघतेस अशी? जया —