धुळ्याच्या गाडीच्या आदल्या दिवशी

(दमणचा जंपोर किनारा. रविवारची दुपार. सुरूच्या झाडाखाली चटईवर नीलेश, त्याची बायको सरिता, आई पुतळाबाई आणि पाच महिन्यांची सोनम.)

पुतळाबाई : अरे, पण समुद्र आहे कुठे?

नीलेश : आहे ना आई. ते बघ, लांब चमकतंय ते.

पुतळाबाई : ते? तिथवर जायला अजून एक रिक्षा करावी लागेल. सामरवरणीहून वापी, वापीहून इथे, तान्हं लेकरू घेऊन आलो, अन् पाहायचं काय, तर चिखल!

नीलेश : ओहोटी आहे आता. नारियलपाणीवाला बोलला, पाच वाजता पाणी पार इथपर्यंत येतं. मला काय माहीत? कंपनीत नवनाथ बोलला, रविवारी जंपोरला जा, एकदम मस्त. टाइम कुठे सांगितला त्याने!

पुतळाबाई : आपली पांझरा नदी उन्हाळ्यात आटते. हा तर रोजच आटतो म्हणायचा.

सरिता : राहू द्या आत्याबाई. वारा तर छान आहे. अगं अगं, उठलं का माझं पिल्लू?

पुतळाबाई : तू नको घेऊ वं तिला. इकडे दे. बाटली कुठे आहे?

सरिता : दोन मिनिटं घेते फक्त.

पुतळाबाई : तुझी दोन मिनिटं मला ठाऊक आहेत. तीन दिवसांपूर्वी काय ठरलं? अंगावर पाजायचं नाही. उद्या सकाळी हिला घेऊन मी धुळ्याच्या गाडीत बसली, अन् ही बाटलीला तोंड लावेना, तर मी काय करू? सात-आठ तासांचा रस्ता आहे माय.

नीलेश : पावडरचं दूध मी कालवलंय. पाणी उकळून आणलंय. घे आई.

पुतळाबाई : ये सोनाबाई... घे गं... अरे, थुंकली! पाहा कशी तोंड फिरवते.

सरिता : तिला नको आहे ते.

नीलेश : नको कसं? घ्यावंच लागेल ना.

सरिता : अहो, एक महिना द्या मला. एकच. भात-वरण खायला लागेल, मग न्या म्हणा.

नीलेश : पुन्हा तेच! जयवंतभाई काय बोलला, ऐकलंस ना? उद्या सोमवारी सात वाजता तू पॅकिंगला उभी राहिली तर राहिली, नाहीतर जागा दुसरीला. ठेकेदार आहे तो, सगा भाऊ नाही. अन् माझ्या एकट्याच्या शिफ्टवर किती दिवस ओढायचं?

सरिता : मग आत्याबाई, तुम्हीच राहा ना आमच्याकडे.

पुतळाबाई : अन् तुझ्या सासऱ्याला कोण उठवील? अर्धं अंग गेलेला माणूस. आठ दिवस झाले, शेजारची मंगला करून राहिली त्यांचं. तिच्याने ते कूस बदलायलासुद्धा उचलवत नाहीत. इथे आणायचं म्हटलं, तर तुमच्या चाळीत दहा खोल्यांना मिळून एक संडास. त्यांना तिथवर कोण नेईल, सांग.

सरिता : मी कुठे तुम्हाला दोष देते?

पुतळाबाई : देत नाहीस, तेच तर. भांडली असतीस तर बरं वाटलं असतं.

नीलेश : आई, रडू नको ना तू. एक दिवस तरी मजेत जाऊ दे, म्हणून आणलं सगळ्यांना. फोटो काढू, भुट्टा खाऊ, पाणी आलं की तिचे पाय भिजवू. सरिता, टेन्शन नको घेऊ. दर महिन्याला धुळ्याला जाऊ आपण, तिला भेटायला.

सरिता : दर महिन्याला? दिवाळीला दोन दिवस सुटी मिळाली होती तुम्हाला.

पुतळाबाई : ही तर काहीच घेत नाही रे. सकाळपासून उपाशी पोर, तरी रडण्यात एवढा जोर कसा?

सरिता : उपाशी नाहीये ती.

पुतळाबाई : म्हणजे?

सरिता : वापीला मी बाथरूमला गेले ना तिला घेऊन, तेव्हा पाजलं. रात्रीही पाजते, तुमचा डोळा लागला की. तीन दिवस खोटं बोलले मी. सारखं मनात येतं, बाटली नकोच घेऊस बाई, म्हणजे कोणी तुला नेणार नाही.

नीलेश : सरिता! अगं, काय हे!

पुतळाबाई : ओरडू नको तिच्यावर. तुला सहा महिन्यांचा माझ्या आईपाशी टाकून मी वीटभट्टीवर गेली होती. आठ महिन्यांनी परत आली, तर मला पाहून तूच भोकाड पसरलंस. आजीच्या मागे लपलास.

नीलेश : आई, हे आत्ता सांगायचं असतं का?

पुतळाबाई : मग कधी सांगायचं? सरिता, तुझी ओढणी दे.

सरिता : पिशवीत धुतलेली आहे, ती देते.

पुतळाबाई : धुतलेली काय कामाची? अंगावरची दे. घामाची. माझ्या आईनेही माझं जुनं लुगडं गुंडाळूनच याला पाजलं होतं.

सरिता : ओढणी घेतली, तर ती पिईल?

पुतळाबाई : पिईल. भूक लागली की वासाला फसतं लेकरू.

सरिता : ...घ्या.

पुतळाबाई : अशी खांद्यावरून घेते. नाकापाशी येऊ दे तिच्या. घे माय... घे... आई आहे, आईच आहे... नीलेश, बाटली धर जरा. हं.

नीलेश : आई! ओढते बघ! बुडबुडे येतायत! सरिता, बघ ना, पितेय आपली सोनम!

सरिता : दिसतंय मला.

नीलेश : बघ, आता काही काळजी नाही. तुझा फोटो काढतो, इकडे बघ. अगं, कुर्ता कशाने भिजला?

सरिता : दुधाने. ती चोखायला लागली की येतं. त्याला काय कळतं, ती कुठे पिते ते.

नीलेश : हा टॉवेल घे. झाकून घे. ये, इकडे सावलीत बस माझ्याजवळ.

सरिता : नको, इथूनच दिसते ती. आत्याबाई...

पुतळाबाई : काय गं?

सरिता : बाटली जरा तिरपी धरा. अन् मध्ये मध्ये थांबा. तिला घाई केलेली चालत नाही.