टोपी उतरल्यावर

सन्माननीय अध्यक्ष सरपंचसाहेब, ठाण्याचे फौजदारसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त होणारे हवालदार हिरू ठोंबरे, आणि कर्जत-भिसेगावातल्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. बोलायचं ठोंबऱ्यांविषयी आहे. पण मन थाऱ्यावर नाही, हे आधीच कबूल करतो. खिशात एक अर्ज आहे. उद्या सकाळच्या एस.टी.नं तो अलिबागच्या जिल्हा कचेरीत पोचला नाही, तर शुक्रवारी माझी या देशात राहण्याची मुदत संपते.

तुम्ही म्हणाल, शकूर बुबेरे तर भिसेगावचाच! खरं आहे. दात इथेच आले, इथेच पडले. पण मधली सव्वीस वर्षं विलायतेच्या कारखान्यात गेली. कामाच्या सोयीसाठी तिथला पासपोर्ट घेतला आणि पेन्शनीत घरी परतलो. दहा वर्षं कोणी काही विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी नियम बदलला आणि एका सकाळी मी परदेशी झालो. माझी झोहरा मात्र भारतीय. जेवतो एकाच ताटात.

चौकशीला हे ठोंबरे आले. दारात उभे राहून म्हणाले, "चाचा, वाईट वाटून घेऊ नका, लिवावं लागतंय. किती दिस ऱ्हानार?"

मी म्हटलं, "अल्ला ठेवील तेवढे."

"तसा रकाना नाय."

आतून झोहरा ओरडली, "लिवा हवालदार, ह्यो मानूस पुन्हा पळाला तर मीच खबर देईन!"

ठोंबऱ्यांनी 'एक वर्ष' असं लिहिलं. दर तीन महिन्यांनी ते येत राहिले. कागद पिशवीत जाईपर्यंत चहाला शिवायचे नाहीत. मग टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता द्या." फौजदारसाहेब, असा माणूस ठाण्याला पुन्हा मिळेल का? मला तरी शंका आहे.

मुदत वाढवून घ्यायच्या दरवर्षीच्या अर्जावर दोन गावकऱ्यांनी सही करायची असते, की हा माणूस आमच्या ओळखीचा, सरळ आहे. एक सही गजा टांगेवाल्याची. दुसरी माझ्या शेजारच्या बुधाजीची असायची. बुधाजी श्रावणात गेला. त्यानंतर मी चार घरं फिरलो. चारही घरी चहा झाला, पोहे झाले, सही झाली नाही. "उद्या कोर्टकचेरी लागली तर?" नावं घेत नाही; मंडळी इथेच बसली आहेत, त्यांचे पोहे मी खाल्ले आहेत. पण खरं सांगतो, त्या रात्री मला परक्यासारखं वाटलं. विलायतेतसुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

शेवटी ठोंबऱ्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "टोपी हाय तवर नाय, चाचा. चौकशी मीच करायची नि सही बी मीच, हे बरं दिसंल का?" मी रागावलो. दोन दिवस बोललो नाही. त्याची माफी आज सगळ्यांसमोर मागतो.

हवालदार, उद्यापासून तुम्ही घरी. तुम्हाला कोणी विचारणार नाही, किती दिवस राहणार म्हणून. मला त्याचा हेवा वाटतो. पण आता सत्काराच्या वेळी तुम्ही टोपी काढून टेबलावर ठेवलीत, ते मी पाहिलं. आता तुम्ही नुसते भिसेगावचे हिरू ठोंबरे. माझे शेजारी.

अहो, उठू नका, आभार राहिलेत... आधी सही म्हणता? हा घ्या अर्ज. पेन आहे माझ्याकडे. हार जरा बाजूला घ्या, शाई लागेल.

सरपंचसाहेब, फौजदारसाहेब, एवढं ऐकून घेतलंत, तुमचे उपकार. सत्काराच्या सभेत स्वतःचं रडगाणं गायलो, जीभ कुठे घसरली असेल, ती म्हाताऱ्याची म्हणून सोडून द्या.

हो, सही तिथेच. आणि ठोंबरे, वरचा एक रकाना मी कोरा ठेवलाय. किती दिवस राहणार, तो. त्यात काय लिहायचं, ते या वेळी शेजारी म्हणून तुम्हीच सांगा.